पाठमोरी आई

मनी लोकांना बोलायला शिकवायची. ज्यांची जीभ ऐन शब्दाच्या तोंडाशी येऊन अडते, जी मुलं एकाच अक्षरावर ठेचकाळत राहतात, जी हसं होईल या भीतीनं तोंडच उघडत नाहीत, अशांना. उमेदीची सगळी वर्षं इस्पितळाच्या तळघरातल्या एका खोलीत काढल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, तिनं ती नोकरी सोडली आणि घरी बसून, संगणकाच्या पडद्यावरून काम सुरू केलं.

त्यासाठी घरातली अडगळीची खोली रिकामी केली. फुटक्या बॅगा, बंद पडलेला पंखा, कुणी कधी न वाचलेल्या मासिकांचे गठ्ठे, सगळं गेलं. टेबल आलं, दिवा आला, पाठीला आधार देणारी खुर्ची आली. राहिली ती समोरची भिंत. पडद्यावरून नजर वर उचलली की थेट तिच्यावर जाऊन आदळायची. एका कोपऱ्यात ओल आलेली, मधोमध जुन्या खिळ्याचं भोक. एखादं पोर तासभर झगडून एक शब्द काढायचं, मग आईबाप विचारायचे, “हा बरा होईल ना?” आणि संपर्क तुटला की मनी त्या भोकाकडे बघत बसायची.

“असं चालायचं नाही,” वरच्या मजल्यावरची डेकोरेटर म्हणाली. ती लोकांची घरं सजवायची आणि शेजाऱ्यांना फुकट सल्ले द्यायची. “समोर प्रसन्न काहीतरी हवं. आकाश, पाणी, नाहीतर फुलं. पिवळा रंग भरपूर. आणि एक लक्षात ठेव, चित्रात माणूस नको. माणूस आलं की त्याच्या मागोमाग त्याचं दुःख आलं.”

मनीला ते पटलं. मग तिनं चित्रं शोधायचा सपाटा लावला. धबधबे पाहिले, डोंगर पाहिले, धुक्यातली वाट पाहिली. एका दुकानात तर नुसत्या वाक्यांच्या पाट्या होत्या. ‘आज तुम्ही हसलात का?’ असं एक पाटी विचारत होती. नाही, मनीच्या मनात आलं, आणि तुझ्यामुळे तर मुळीच हसणार नाही.

याच दिवसांत तिनं एकदा माहेरी फोन केला. फोन आईनं उचलला.

“हं... मनी? बरी आहेस ना?”

“बरी आहे. तुझे गुडघे काय म्हणतायत?”

“हं. चाललंय. दादाला देते.”

आईचं फोनवरचं बोलणं हे एवढंच. वडील होते तेव्हा त्यांच्या हातात फोन द्यायची, ते गेल्यावर दादाच्या. आई मुळातच अबोल, फोनचं तर तिला वावडंच, असं घरात सगळे धरून चालले होते. मनीही.

दादा तिचा थोरला भाऊ. लग्न न करता आईजवळ राहिलेला. तो नाटकांचे पडदे रंगवायचा. जंगलं, राजवाडे, तुरुंग, समुद्रकिनारे, मागाल ते. बोलायला तोही आईच्याच वळणावर गेलेला.

“अरे, माझ्या कामाच्या खोलीसाठी एखादं चित्र सुचव ना,” मनी म्हणाली. “समोर पाहिलं की मनाला उभारी येईल असं.”

“बघतो,” दादा म्हणाला.

मनी हे अर्धवट थट्टेत बोलली होती आणि फोन ठेवल्यावर विसरूनही गेली. बरेच आठवडे गेले. डेकोरेटरबाईंबरोबर जाऊन तिनं एक मोठं छापील चित्र आणलं. पिवळ्याधमक फुलांचं शेत, क्षितिजापर्यंत गेलेलं, वर निळंशार आकाश. पांढऱ्या चौकटीत ते भिंतीवर चढलं आणि खिळ्याचं भोक झाकलं गेलं. “आता कशी खोली हसली!” डेकोरेटर म्हणाली. मनीलाही हलकं वाटलं.

पुढच्याच रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात दादा. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, जवळजवळ दाराच्या निम्म्या उंचीचं. आणि त्याच्या मागे आई. ठेवणीतले कपडे, चापूनचोपून विंचरलेले केस, कानांत लग्नाकार्यातच निघणाऱ्या कुड्या. दुखऱ्या गुडघ्यांनी ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून टॅक्सीत बसून आली होती, आणि जिने चढून धापा टाकत होती.

“अगंबाई, आज काय विशेष?” मनी म्हणाली.

दादानं चादरीची गाठ सोडली आणि चित्र सोफ्याला टेकवून उभं केलं.

माहेरच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. खिडकीपाशी जुनी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत आई. पाठमोरी. राखाडी, निळसर, तपकिरी असे रंग. मान एका बाजूला किंचित कललेली, आणि उजवा हात हवेत उचललेला, बोटं पसरलेली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं.

हुबेहूब आईच होती. मानेवरची सुटलेली बट, खांद्यांचा उतार, सगळं तिचं. मनीच्या मनात आधी आलं, ही अशी एकटी का बसली आहे? आणि दुसऱ्याच क्षणी आलं, हे त्या फुलांच्या जागी कसं लावायचं?

“सुंदरच काढलंयस रे,” ती म्हणाली. पालकांना वाईट बातमी सांगताना ती जो आवाज लावायची, तोच मऊ आवाज तिनं नकळत लावला. “अगदी आईच. पण... माझं काम तुला माहितीये ना? दिवसभर मी अडकलेली पोरं बघते. त्यात समोर आई अशी पाठ फिरवून, एकटी बसलेली दिसली, तर माझं मन कसं रमायचं? उदास वाटतं रे हे.”

“उदास?” दादा म्हणाला. तो पुन्हा चित्राकडे वळला आणि कुणी आपल्यालाच आपलं नाव चुकीचं सांगावं तसा बघत राहिला. “उदास नाही गं हे. हे तर...”

त्यानं आईकडे पाहिलं. आईनं अगदी बारीक मान हलवली. नको, अशी.

“आणि मी नेमकं परवाच एक आणलंय,” मनी घाईनं म्हणाली. “बघ तरी, आई.”

आई उठली, गुडघ्यावर हात ठेवत कामाच्या खोलीत गेली आणि फुलांच्या चित्रासमोर या दोघांकडे पाठ करून उभी राहिली. बराच वेळ उभी होती. एकदा तिचे खांदे वर झाले, कुणी बोलायच्या आधी श्वास भरून घ्यावा तसे. मनीला वाटलं, ही आता काहीतरी म्हणणार. मग खांदे खाली आले.

“हं,” म्हणून आई वळली. “हेच असू दे. उजेड आहे. मी म्हटलं होतं याला, फुलं रंगव.”

मनीचा जीव भांड्यात पडला. आईला वाईट वाटलेलं नाही, असंच तिनं मानलं. मानणं सोयीचं होतं. तिनं चहा टाकला, दादानं तो उभ्याउभ्याच प्यायला. निघताना आईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “जेवत जा वेळेवर.” खाली टॅक्सीत चित्र नीट मावेना. दादा ते तिरकं करून बसवत होता, आणि आई फुटपाथवर चादरीचं टोक हातात धरून उभी होती. मनीनं गॅलरीतून हात हलवला.

थंडी सरता सरता एका दुपारी आई झोपली, ती उठलीच नाही. आजार नाही, धावपळ नाही. लोक म्हणाले, पुण्यवान. मनीला त्या शब्दाची चीड आली.

काम थांबवून चालण्यासारखं नव्हतं. ती पुन्हा टेबलाशी बसू लागली. पण आता नजर वर केली की ती फुलं अंगावर यायची. समोर मनी रडत असली तरी ती आपली फुललेलीच. जुने फोटो बाहेर काढून पाहिले, तर प्रत्येक फोटोत आई ओठ घट्ट मिटून, कुणीतरी दटावल्यासारखी उभी. आई अशी नव्हतीच. ती कशी होती, म्हणजे कशी बसायची, मान कशी कलती ठेवायची, ते एकाच ठिकाणी होतं. एका सकाळी तिनं फोन उचलला.

“दादा, ते आईचं चित्र मला हवंय. मी येऊन घेऊन जाते.”

पलीकडे रंगाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

“उद्या संध्याकाळी दाताच्या दवाखान्यात ये,” दादा म्हणाला आणि पत्ता सांगितला.

“तुझा दात दुखतोय का?”

“नाही. ये तू.”

दवाखान्याची बाहेरची खोली लहानशीच होती. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, औषधाचा उग्र वास, आतून यंत्राची घरघर. एक म्हातारे गृहस्थ सुजलेल्या गालावर रुमाल दाबून बसले होते. टेबलामागे बसलेल्या बाईंनी मान वर करून विचारलं, “नंबर लावायचाय?”

“नाही,” दादा म्हणाला, “आम्ही नुसते बसणार आहोत.”

दाताच्या दवाखान्यात नुसतं बसायला आलेली माणसं त्या बाईंनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावीत.

समोरच्या भिंतीवर होड्यांचं चित्र होतं. लाल, पिवळ्या, हिरव्या होड्या, सकाळचं चकाकतं पाणी, किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी. मनीनं दादाचा हात ओळखला.

“हे तुझं. छान आहे. पण आईचं कुठाय?”

“हेच ते,” दादा म्हणाला. “खाली आहे.”

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा आवाज चढला. “वरून रंगवलंस? आईवर?”

गाल सुजलेल्या गृहस्थांनी यंत्राची घरघर विसरून इकडे पाहिलं.

“तिनंच मागं लागून करून घेतलं,” दादा हलक्या आवाजात म्हणाला. “घरी नेल्यावर मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. येता-जाता ती बघायची. एक दिवस म्हणाली, एवढी चांगली चौकट वाया जातेय, रंगव वरून. तेवढ्यात या डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांना इथं लावायला काहीतरी हवं होतं.”

“आणि तू ऐकलंस? एवढी मेहनत केली होतीस...”

“तुझ्यासाठी केली होती गं,” तो म्हणाला. “तू नको म्हणालीस.”

आतलं यंत्र थांबलं, कुणीतरी खाकरलं, यंत्र पुन्हा सुरू झालं.

“पण तू तिला पाठमोरी का बसवलंस?” तिनं विचारलं. “चेहरा काढला असतास तर मी कशाला नको म्हटलं असतं?”

“मी नाही बसवलं. पाठ केली की तिला बोलता यायचं.”

“म्हणजे?”

दादानं तळवे गुडघ्यांवर घासले. लांबलचक बोलायची वेळ आली की तो असंच करायचा. “आई अडखळायची, मने. लहानपणापासून. ‘क’वर आणि ‘प’वर तर गाडी ठारच थांबायची. शाळेत पोरांनी इतकं छळलं, की तिनं बोलणंच आवरतं घेतलं. जे शब्द निघत नाहीत ते टाळायचे, दुसरे वापरायचे. मलाही माहीत नव्हतं. तू चित्र मागितलंस, तेव्हा मी तिला म्हटलं, बस खिडकीत, तुझंच काढतो. मन उभारी घेईल असं तू म्हणालीस, आणि मला दुसरं काही सुचेना. ती बसली. माझ्याकडे तोंड करून बसली तोवर दगडासारखी. कंटाळून खिडकीकडे वळली, आणि बोलायला लागली. अशी बोलायला लागली की विचारू नकोस. हातवारे करून. रोज दुपारी. मी नुसता रंगवत होतो आणि ती धो धो बोलत होती. बावन्न वर्षांचा झालो मी, आईचा आवाज इतका वेळ सलग कधी ऐकला नव्हता.”

मनीच्या डोळ्यांसमोर तो हवेत उचललेला हात आला, पसरलेली बोटं आली. काहीतरी रंगात येऊन समजावताना माणूस जसा हात उचलतो, तसा हात. तिनं तो पाहिला होता आणि त्याला एकटेपणा म्हटलं होतं.

आणि मग बाकीचं आपोआप आठवत गेलं. ‘कशी आहेस’ असं आईनं जन्मात विचारलं नव्हतं. नेहमी ‘बरी आहेस ना’. बोलण्याआधीचं ते ‘हं’. दुकानात गेली की वस्तूचं नाव न घेता बोट दाखवणं. हुशार माणसं अडखळत नाहीत, ती शब्दच बदलून घेतात, म्हणून ती लवकर लक्षात येत नाहीत, असं मनी पालकांना समजावून सांगायची. हातात खडू असल्यासारखी, मुद्दा ठासून.

“माझं नाव,” ती एकदम म्हणाली. तिचं कागदोपत्री नाव ‘क’नं सुरू होणारं होतं.

“बाबांनी ठेवलं. तिला विचारलंच नाही. बारशापासून तिला ते म्हणता आलं नाही, म्हणून मनी. आपण समजत होतो मांजरासारखी होतीस म्हणून.”

“मला का नाही सांगितलं तिनं? मला, दादा! माझं कामच ते आहे.”

“म्हणूनच. तू हे शिकायला घेतलंस तेव्हापासून तिला धास्ती. म्हणायची, आता ती मी कसं बोलते ते ऐकेल, काय बोलते ते ऐकणार नाही.” तो थांबला. पुढचं सांगावं की नाही, याचा त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चालला होता. “पण त्या दिवशी सांगणार होती. टॅक्सीत वाटभर तयारी करत होती. ठरलं होतं तिचं. चित्र भिंतीवर लागलं की त्याच्याकडे बघत उभी राहणार, तुझ्याकडे पाठ करून, आणि तुला नावानं हाक मारणार. मला म्हणाली होती, मी बोलायला लागले की तू चहाच्या निमित्तानं बाहेर जा.”

मनी उठली आणि चित्रापाशी गेली. तिनं होड्यांवर हात ठेवला. पाण्याच्या रंगाखाली बोटांना एक जाडसर उंचवटा लागला.

“हे काय आहे?”

“खुर्चीची पाठ असेल,” दादा म्हणाला. “नाहीतर माझाच रंग जाड बसला असेल. सांगता येत नाही.”

“वरचा काढता नाही येणार?”

“वरचा काढायला गेलं की खालचाही निघून येतो.”

“बाई, चित्राला हात लावू नका,” टेबलामागून आवाज आला. “लोकांना फार आवडतं ते.”

ते खरंच असावं. गाल सुजलेले गृहस्थ रुमाल दाबून होड्यांकडेच बघत होते. डॉक्टरीणबाईंना सगळं समजावून सांगितलं असतं, तर चित्र त्यांनी देऊनही टाकलं असतं. पण घरी नेऊन मनी काय बघणार होती? होड्याच. तिनं तो विचार सोडून दिला, आणि पुढेही कधी ते मागायला गेली नाही.

ती परत येऊन दादाशेजारी बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि पहिलंच अक्षर ओठांवर अडलं. तिच्या पोरांनी तिला हे वर्णन किती वेळा सांगितलं होतं.

“काय बोलायची ती?” तिनं विचारलं.

“खूप.”

“म्हणजे काय? सांग ना. रोज दुपारी बोलत होती म्हणतोस.”

दादा छताकडे बघून आठवू लागला. “तिच्या लहानपणी घरी कोंबड्या होत्या. शाळेतून आली की ती त्यांच्यात जाऊन बसायची. कोंबड्यांशी मात्र तिचं कधी अडलं नाही. सगळा धडा त्यांना म्हणून दाखवायची, ‘क’ आला तरी, ‘प’ आला तरी. एक तांबडी कोंबडी होती, ती मान वाकडी करून अगदी शेवटपर्यंत ऐकायची. आईनं तिला नाव ठेवलं होतं. मुद्दाम अवघडातलं अवघड, चांगलं लांबलचक.”

“काय नाव?”

“नाव...” दादानं डोळे मिटले. ओठ हलवून पाहिले. “सांगितलं होतं. हसलीही होती ते सांगताना, हे आठवतंय. आणि मग त्या कोंबडीचं काय झालं, तेही सांगितलं. मोठी गोष्ट होती. दोन दुपारी चालली होती.”

“मग?”

“मी खिडकीच्या चौकटीचा रंग जुळवत होतो गं,” तो म्हणाला. “नीट ऐकलं नाही.”

त्याचा चेहरा बघवेना. मनीनं त्याच्या दंडावर हात ठेवला. आतून डॉक्टरीणबाईंनी पुढचा नंबर पुकारला, गृहस्थ उठून गेले, आणि खोलीत हे दोघेच उरले.

“जेवढं ऐकलंस तेवढं सांग,” मनी म्हणाली. “अर्धंमुर्धं असलं तरी चालेल. मला घाई नाही.”

दादानं पुन्हा तळवे गुडघ्यांवर घासले आणि आठवून आठवून, मध्येच थांबत, सांगायला सुरुवात केली.